नानी-दादींनाही खेळू द्या

आपल्या मोहल्ल्यात मुलांना मैदान आहे, पुरुषांना चौकातला कट्टा आहे. साठी ओलांडलेल्या बाईला काय आहे? पलंग, तसबीह आणि गुडघेदुखीची गोळी. "अम्मी, आता आराम करा," असे आपण प्रेमाने म्हणतो. पण सततच्या आरामाने पायातली ताकद जाते, तोल सुटतो आणि एकदा पडल्यावर खुब्याचे हाड मोडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा. डॉक्टर चालायला सांगतात, पण एकटीने चालायला संकोच वाटतो, कंटाळाही येतो. खेळात सोबत असते, हशा असतो. चेंडू झेलणे, रिंग टाकणे, टाळ्यांच्या तालावर पावले टाकणे याला पैसा लागत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून चेंडू झेलता येतो. पडद्यासाठी गच्ची किंवा शाळेचा हॉल आहेच.

"या वयात हे शोभते का?" असे कुणी विचारेल. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीत शेजारच्या आजीला तिचे वय कुणी विचारत नाही. हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांसोबत (स.) शर्यत लावली, पुढे अंगाने भरल्यावरही लावली, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

माझे म्हणणे एवढेच: आठवड्यातून तीन दिवस, असरनंतर तासभर ही जागा त्यांची. त्या तासाला घरचा चहा आणि नातवंडे मुलांनी सांभाळावीत.