‘जितका–तितका’ आणि ‘जसजसा–तसतसा’: एका दुर्लक्षित भेदाविषयी

आपल्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत मिश्र वाक्य शिकविताना ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जितका–तितका’, ‘जसजसा–तसतसा’ या जोड्या एकाच यादीत देऊन आपण पुढे जातो. यांतील शेवटच्या दोन जोड्या परस्परांचे पर्याय आहेत, असा समज त्यामुळे विद्यार्थ्यांत रूढ होतो. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपले गद्य मोजत आहे, असे माझे मत आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरील नित्याचेच उदाहरण घेऊ. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जातो. ओहोटीत तेथवर पायी जाता येते. ‘जसजशी ओहोटी लागते, तसतशी किल्ल्याची वाट उघडी पडत जाते.’ येथे दोन क्रिया काळातून बरोबरीने पुढे सरकतात. आता दुसरे वाक्य पाहा : ‘पाणी जितके खोल, तितका नांगराचा दोर लांब.’ येथे काळ नाही, क्रियापदही नाही. आहे तो केवळ दोन परिमाणांचा संबंध. या दुसऱ्या वाक्यात ‘जसजसे’ घालावयाचे झाल्यास ‘होत जाणे’सारखे बदलवाचक क्रियापद आणावेच लागते. भेदाची ही साधी कसोटी वर्गात सहज देता येण्याजोगी आहे.

जर्मन भाषेशी तुलना केली म्हणजे मराठीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. तेथे ‘ये … देस्टो’ ही एकच जोडी वरील दोन्ही कामे करते. दोन्ही अव्ययांनंतर विशेषणाचे वा क्रियाविशेषणाचे तुलनादर्शक रूप अनिवार्य असते. पहिल्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तर दुसऱ्यात ते तुलनादर्शक पदाच्या लगेच मागोमाग येते. मराठीत, ‘गुरुतर’सारखे तत्सम शब्द वगळता, विशेषणाला तुलनेचा प्रत्यय लागत नाही. ‘खोल’ हा ‘खोल’च राहतो, प्रमाणाचा सारा भार ज–त जोडी वाहते. संस्कृतातील ‘यथा यथा … तथा तथा’ या द्विरुक्तीचा वारसा ‘जसजसा’मध्ये आजही स्पष्ट दिसतो आणि क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलाचा अर्थ त्या द्विरुक्तीतूनच येतो.

अलीकडच्या अनुवादित व वृत्तपत्रीय मराठीत मात्र ‘जितके अधिक … तितके अधिक’ हा साचा सर्वत्र बसविला जातो. ‘अधिक’ हा शब्द त्याज्य आहे असे नव्हे. ‘जितका अधिक अभ्यास, तितके अधिक गुण’ येथे तो योग्यच आहे. परंतु ‘जितकी अधिक रात्र झाली तितकी अधिक थंडी वाढली’ असे लिहिणाऱ्याने ‘जसजशी रात्र चढत गेली’ ही आपल्या भाषेची सोय गमावलेली असते.

शब्द एका भाषेचे आणि वाक्याची घडण दुसरीची, हे कसे घडते याचा दाखला याच किनाऱ्यावर आहे. कोर्लई गावातील पोर्तुगीज क्रिओल भाषेवर क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडल्यावरही ती बोली टिकली. तिचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज राहिले, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी गेले. तेथे हे एका लहान समाजाच्या शतकानुशतकांच्या सहवासातून झाले. आपण मात्र ते केवळ अनवधानाने करीत आहोत.

दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत (१९११) आपल्याकडे व्याकरणविचाराची समर्थ परंपरा आहे. तिचा आदर यादी पाठ करून होणार नाही. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी घरच्या बोलीतून या जोड्यांची वाक्ये गोळा करावीत, वरील कसोटी त्यांना लावावी आणि ती जेथे अपुरी पडेल तेथे ती दुरुस्त करावी. व्याकरणाच्या तासाला याहून उचित काम कोणते असू शकेल?