‘तात्पुरता’ या शब्दाचे मोल

वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासात मथळ्यातील एका विशेषणासाठी लक्षात ठेवावेत असे निबंध थोडे. बोस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ जून १९४८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा त्यांपैकी एक होय. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या १६ बालकांना त्यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि त्यांतील १० जणांची प्रकृती सुधारली. तोवर हे निदान म्हणजे थोड्याच आठवड्यांत वा महिन्यांत येणारा मृत्यू, असाच अनुभव होता. विजयाचा डंका पिटण्यास याहून मोठे कारण कोणते हवे? परंतु फार्बर यांनी मथळ्यातच ‘तात्पुरता उपशम’ असे म्हटले, आणि उरलेल्या सहांना गुण आला नाही हे झाकून ठेवले नाही.

या औषधाच्या कुळकथेतील एक वाट मुंबईच्या परळमधून जाते, याचे आपल्याकडे फारसे कोणास स्मरण नाही. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका विशिष्ट पंडुरोगाचा तिने हाफकिन संस्थेत राहून अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते कृत्रिम रीतीने सिद्ध झाले. याच कुळातील द्रव्ये ल्युकेमियाच्या मुलांना दिली असता रोग उलट बळावतो, असे फार्बर यांना दिसले. (अशा प्रयोगाला आजच्या नीतिसमितीने मुभा दिली असती काय? बहुधा नाही.) तेव्हा फॉलिक अ‍ॅसिडला विरोध करणारे द्रव्य रोगास पायबंद घालील, हा तर्क त्यांनी केला आणि ते द्रव्य सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी पुरविले. निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी सुब्बाराव निवर्तले.

‘तात्पुरता’ हा शब्द पुसण्यास पुढची दोन दशके लागली. मेम्फिस येथे १९६२ मध्ये उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधांची सांगड, मेंदू व मज्जारज्जूत दडलेल्या रोगपेशींवर स्वतंत्र उपचार आणि दीर्घकाळ औषध चालू ठेवणे, असा मार्ग आखला. १९७०च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ लागली. आपल्याकडेही १९८०च्या दशकात मुंबई, दिल्ली व मद्रास येथील केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एक समान उपचारपद्धती स्वीकारली. आज सधन देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात; गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ही तफावत केवळ औषधांच्या अभावाने पडत नाही. उशिरा होणारे निदान आणि जंतुसंसर्ग ही कारणे आहेतच. पण सर्वांत जिव्हारी लागणारे कारण आहे ते उपचार अर्ध्यावर सोडण्याचे. लिंफॉइड ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांतच रोग दिसेनासा होतो, पुढे केस उगवतात, मूल खेळू लागते. नांदेडहून वा गोंदियाहून परळला आलेल्या, मजुरी बुडवून पदपथावर पथारी टाकणाऱ्या बापाला मग वाटते की, पोर बरे झाले, आता गाव गाठावे. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यावर विसंबलेला असतो आणि घरी दुसरी मुले उपाशी असतात. उपशम तात्पुरता असतो, हे १९४८ चे सत्य त्याला त्याच्या भाषेत, सवडीने सांगणारे कोणी तरी हवे.

शासकीय योजना शस्त्रक्रिया व औषधांचा खर्च उचलतात, हे स्वागतार्हच. पण रुग्णालयाजवळची खोली, दोन वेळचे जेवण, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांना ‘उपचार’ म्हणण्यास सरकारी मन सहजी तयार होत नाही. टाटा स्मारक रुग्णालयात निधी, निवास, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाच्या घरी दूरध्वनी करून विचारपूस, अशी व्यवस्था उभी केल्यावर उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. हा अनुभव हाताशी असताना जिल्ह्या-जिल्ह्यांतून तशी तरतूद न होणे अक्षम्य आहे.

संशोधकांकडेही एक मागणे आहे. सलग चार आठवडे उपचारांस न आलेले मूल उपचार सोडून गेले असे मानावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अशा मुलांना हिशेबातून वगळले की यशाचा टक्का आपोआप वाढतो. त्यांची गणना अपयशातच व्हावी आणि शासनानेही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कर्करोग केंद्राकडून दरवर्षी दोन आकडे मागावेत: उपचार सुरू केलेली मुले किती, आणि ते पूर्ण करून घरी गेलेली किती.