मोबाइलचा उजेड म्हणजे सुरक्षा नव्हे

जानेवारी २०२२ मध्ये सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर ड्रेनेजच्या कामात चार कामगारांचा जीव गेला. चार दिवस बातमी चालली, मग थांबली. पण चेंबर आजही उघडली जातात. झाकण सरकवायचे, खिशातल्या मोबाइलची बॅटरी लावायची, ‘दिसतंय का रे’ विचारायचे आणि उतरायचे, ही पद्धत अजून गेलेली नाही. ही पद्धत जीवघेणी आहे, असे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे.

मोबाइलच्या उजेडात पाणी दिसते, गाळ दिसतो. वायू दिसत नाही. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. कामगाराला वाटते वास गेला. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. पुढे काही श्वासांतच माणूस कोसळू शकतो. मिथेनला तर वासच नाही, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असला की एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. साधा मोबाइल अशा हवेसाठी बनवलेला नसतो. अशा जागी वापरायच्या विजेच्या उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. मोबाइलने स्फोट होण्याची शक्यता कमी, हे खरे. पण त्याच्या उजेडाच्या भरवशावर माणूस खाली उतरतो, हा धोका मोठा आहे.

पेट्रोल पंपावर एकीकडे ‘मोबाइल वापरू नका’ असा फलक असतो आणि शेजारीच पैसे भरायला क्यूआर कोड. लोक गोंधळतात. तिथे पेट्रोलच्या वाफेला पेटवायला अंगावरची स्थिर वीज हे मोबाइलपेक्षा मोठे कारण ठरते. तरी नियम सोपा ठेवावा: इंजिन बंद, पेट्रोल भरेपर्यंत फोन खिशात, आणि पैसे नळीपासून बाजूला जाऊन द्यावेत.

गाडीत मात्र मोबाइल थेट जीव घेतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिले, तर ५० मीटर रस्ता डोळे मिटून कापल्यासारखाच. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानात हेडफोन घातला म्हणून तो फारसा कमी होत नाही, कारण हात मोकळे झाले तरी लक्ष अडकलेलेच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवणेच आहे.

पण दोष फक्त फोन उचलणाऱ्याला देऊन आपण मोकळे होतो, हे आम्हाला पटत नाही. टेम्पोवाल्याने फोन उचलला नाही तर शेठ ओरडतो. रिक्षावाल्या भावाला घरून तीनदा ‘कुठे पोहोचलात?’ विचारले जाते. चेंबरमध्ये उतरणाऱ्याला ठेकेदार ना वायू मोजण्याचे यंत्र देतो, ना पट्टा, ना मास्क. मोबाइलची बॅटरी ही त्या कामगाराची हौस नाही. न मिळालेल्या साधनांची ती जागा भरते. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण ती रक्कम मिळते माणूस गेल्यावर.

म्हणून आमचे म्हणणे असे. गाडी चालवणाऱ्याला फोन करू नका. केलाच आणि तो गाडीवर आहे असे कळले, तर आधी तुम्ही ठेवा. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला वस्तीतून गाड्या निघतात. रात्रीच्या प्रवासात चालकाचा फोन शेजारी बसणाऱ्या एका जागत्या माणसाकडे द्यावा, आणि चालक बोलू लागला तर गाडीतल्या थोरांनी गप्प बसू नये.

आणि चेंबरवर मोबाइलची खरी जागा वर थांबलेल्या माणसाच्या हातात आहे. खालचा माणूस हाकेला ओ देईना, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दुसराही तिथेच पडतो. १०१, १०८ किंवा ११२ लावा. साधने आलेली नसतील तर त्याच फोनवरून मुकादमाला सांगा, की आज कोणी उतरणार नाही. एकट्या कामगाराला हे सांगताना रोजगार जायची भीती असते. त्याच्या वतीने वस्तीतल्या मंडळाने आणि महिला मंडळाने तो फोन करावा, एवढी आमची विनंती आहे.