गाडीचं नाक आणि इब्रीची धूळ



मागच्या अंकात आपण टायरांमधल्या हवेबद्दल बोललो. या वेळी इंजिनाच्या हवेबद्दल बोलू. विषय सुचला तो आपल्या इब्रीतल्याच एका नव्या मंडळीमुळे. पोरगा नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही, जुनी गाडी घेतली, आणि एका शुक्रवारी आमच्याकडे चहाला आला. म्हणाला, "काका, गाडी ओढतच नाही हो. सनाइयात एक जण म्हणतोय, फिल्टरचा डबा काढून टाकू आणि उघडा शंकूसारखा फिल्टर बसवू. कमी खर्चात पिकअप एकदम वाढेल. बसवू का? हिवाळ्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांना मस्कतहून आणायचंय."

प्रश्न साधा वाटतो, पण इब्रीसारख्या गावात तो इंजिनाच्या आयुष्याचा आहे. एका बाजूला हजर पर्वत, दुसऱ्या बाजूला रुब अल खालीची वाळू, उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. लंडनला किंवा पुण्याला जे चालेल ते इथे चालेलच असं नाही. म्हणून त्याला सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहितो.

आधी गाडी हवा खाते तरी किती ते बघू. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे दहा हजार लिटर हवा झाली. इब्रीहून मस्कतला जाताना समजा २५ लिटर पेट्रोल लागलं, तर इंजिनाने दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा जवळजवळ नऊ खोल्या भरून हवा ओढली. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. आता त्यात आपली धूळ किती असेल याचा विचार तुम्हीच करा.

आता तो उघडा शंकू. तो बसतो कुठे? बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी. कंपनीने दिलेला डबा मात्र पुढच्या नळीने हेडलाइटच्या मागून किंवा मडगार्डच्या आतून बाहेरची हवा घेतो. बाहेर ४५ अंश आणि बॉनेटखाली ७० अंश धरले, तर त्या गरम हवेत तेवढ्याच जागेत जवळपास ७ टक्के हवा कमी मावते. हवा कमी म्हणजे इंधन कमी, आणि इंधन कमी म्हणजे ताकद कमी. शिवाय हवा फार गरम आली की इंजिन ठोकू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो, तिथेही पिकअप मार खातो. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे टाकले त्याच्या बरोबर उलट!

"पण काका, मित्राच्या गाडीला लावलाय, जाणवतं ना!" जाणवतं, ते कानाला. कंपनीचा डबा हवेचा आवाजही दाबत असतो. तो निघाला की ॲक्सिलरेटर दाबताच घोरल्यासारखा आवाज येतो आणि मनाला वाटतं गाडी उडाली. शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून पाहिलं की खरं काय ते कळतं.

धुळीची गोष्ट याहून गंभीर आहे. वाळूत गारगोटीचे कण असतात. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापात गारगोटी सातव्या पायरीवर आहे; सिलिंडरचं बीड त्याहून मऊ. डोळ्याला दिसणारी वाळू कुठलाही फिल्टर अडवतो. नुकसान करते ती पिठासारखी बारीक धूळ, केसाच्या जाडीच्या काही हिश्शाएवढी. ती रिंगा आणि सिलिंडरच्या मध्ये शिरते, ऑइलमध्ये मिसळते आणि पॉलिश कागदासारखी घासत राहते. आज काही कळत नाही. काही महिन्यांनी ऑइल कमी व्हायला लागतं, मागून निळा धूर येतो, आणि मग मिस्त्री सांगतो की इंजिन उतरवावं लागेल. त्या बिलात दुसरी जुनी गाडी निम्मी-अर्धी येते.

तेल लावलेले धुऊन वापरायचे कापडी फिल्टर मिळतात, त्यांचंही तसंच. हवा मोकळी जाते खरी, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर साधारणपणे सरस ठरतो. आणि तेल जरा जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं, मग गाडी झटके देते. गावाकडच्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर असायचा, त्यात आधी हवा तेलावर आपटून धूळ खाली बसायची. धुळीच्या मुलखात धूळ आधी, ताकद नंतर, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होतं.

मग स्वस्तात काही करताच येत नाही का? येतं की. आम्ही त्या पोराच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर डब्याच्या पुढची नळीच गायब! आधीच्या मालकाने कधी हेडलाइट बदलताना काढली असेल, परत बसवलीच नाही. गाडी आधीपासूनच बॉनेटखालची गरम हवा खात होती. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलची नळी आणून लावली. ज्यांची गाडी "ओढत नाही" त्यांनी खालच्या चार गोष्टी आधी कराव्यात.

१. पुढची नळी जागेवर आहे का, तिचं तोंड इंजिनापासून लांब आहे का ते पाहा. हल्ली गाडीच्या प्लगला लावायचं छोटं यंत्र मिळतं, ते इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दाखवतं. सरळ रस्त्यावर गाडी चालू असताना ते बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त दिसलं तर नळीत गडबड आहे असं समजा. मोबाइल मात्र शेजारी बसलेल्याने बघायचा!

२. डब्याच्या सगळ्या क्लिपा लागतात का, झाकणाखाली फिल्टरची रबरी कड सरळ बसते का ते तपासा. मग फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीतून आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर कुठून तरी चोरवाट आहे.

३. त्याच बाजूची घड्यांची रबरी नळी हाताने ताणून बघा. इथल्या उष्णतेत ती तडकते. तडा गेला की हवा न गाळता, न मोजता आत जाते. नवी नळी इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त.

४. फिल्टर वेळेवर बदला. पुस्तकात धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी मुदत असते, आपल्याला तीच लागू. पण दर आठवड्याला काढून टायरवाल्याकडची हवा जोरात मारू नका. कागदाला बारीक भोकं पडतात. थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा जास्त चांगला गाळतो, त्यामुळे उगाच उघडझाप नको.

फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, असं बरेच जण सांगतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली चाचण्या केल्या. त्यात इंजेक्शनच्या गाड्यांना तुंबलेल्या फिल्टरमुळे पेट्रोल जास्त लागलं नाही, कारण कॉम्प्युटर हवेप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो. पिकअपला मात्र फरक पडला. म्हणजे नवा फिल्टर पंपावर नाही, ओव्हरटेक करताना कामाला येतो.

आणखी एक टूम म्हणजे बंपरखालून पाइप घेऊन "वाऱ्याच्या जोराने" हवा भरणं. गणित करून पाहिलं: ताशी १२० च्या वेगाला वाऱ्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडा पाऊण टक्कासुद्धा भरत नाही. आणि पाइपाचं तोंड खाली आलं की पुढच्या ट्रकने उडवलेली सगळी धूळ त्यात. वर पाणी! आपल्याकडे डोंगरात पाऊस पडला की कोरडी वादी बघता बघता वाहू लागते. खालच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो आणि गाडी भर पाण्यात बंद पडते. मोठ्या गाड्यांना छतापर्यंत जाणारी नळी लावतात, ती वरची जरा स्वच्छ हवा घेण्यासाठी चांगली. पण ती आहे म्हणून वाहत्या वादीत गाडी घालू नये. पाणी इंजिन बंद पाडण्याआधी गाडीच वाहून नेतं, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे.

गाडीच्या रचनेत बदल करायचा तर पोलिसांची परवानगी लागते हेही ध्यानात ठेवा, नाहीतर मुल्कियाच्या वेळी सगळं उलटं बसवत बसावं लागेल.

२०२१ च्या डिसेंबरात इब्रीहून रुब अल खालीतून सौदीला जाणारा रस्ता खुला झाला, तेव्हापासून आपल्यातले काही जण त्या बाजूला फिरायला जातात. तिथे दोन्हीकडे नुसती वाळू. मुलंबाळं, म्हातारी माणसं गाडीत असताना तिथे इंजिन बसलं तर पिकअप कुणाला आठवणार? निघण्याआधी झाकणाच्या क्लिपा एकदा दाबून पाहा, पाण्याचे कॅन भरून घ्या.

तो पोरगा परवा भेटला. गाडी पूर्वीपेक्षा बरी ओढते म्हणतो, शंकूचे पैसे वाचले ते आईच्या तिकिटाला लावले.

पुढच्या अंकात उन्हाळ्यात बॅटरी का दगा देते ते पाहू. तुमच्या गाडीच्या तक्रारी जरूर कळवा. तोवर रामराम!