विश्लेषण : पीसी गेममध्ये बिघाड आहे, हे दोन तासांत कसं कळणार?

तीन-चार हजार रुपये मोजून नवा गेम घेतला. शंभर जीबी डाउनलोड व्हायला अख्खी रात्र गेली. सकाळी गेम सुरू केला, तर स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू सरकतेय. ती एकदाची संपली आणि पहिल्याच मारामारीत चित्र अडकलं. सेटिंग्ज कमी केल्या, ड्रायव्हर अपडेट केला, गेम पुन्हा सुरू केला. शेवटी वैतागून पैसे परत मागितले, तर उत्तर आलं : तुम्ही दोन तासांपेक्षा जास्त खेळला आहात.

पीसीवर गेम खेळणाऱ्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल. हे का घडतं आणि यात आपल्या हातात काय आहे, ते समजून घेऊया.

दोन तासांचा नियम काय आहे?

पीसी गेम विकणारं सर्वात मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम. जून २०१५ मध्ये स्टीमने पैसे परत करण्याचं नवं धोरण आणलं. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी चालवला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात. त्याआधीच्या परिस्थितीपेक्षा हे खूपच चांगलं होतं.

अडचण अशी, की हे घड्याळ गेम सुरू असण्याचा वेळ मोजतं. तुम्ही खेळताय की सेटिंग्जशी झटापट करताय, हे त्याला कळत नाही. शिवाय काही बग उशिराच दिसतात. दहाव्या तासाला सेव्ह फाइल खराब झाली किंवा मिशन पुढेच सरकेना, तर ही मुदत कधीच संपलेली असते. थोडक्यात, 'गेम आवडला नाही' यासाठी नियम ठीक आहे, 'गेम बिघडलेला आहे' यासाठी अपुरा आहे.

पीसीवरच हा त्रास जास्त का?

एका मॉडेलचे सगळे कन्सोल आतून सारखेच असतात. पीसीचं तसं नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, ड्रायव्हर यांच्या असंख्य जोड्या असतात आणि प्रत्येकीवर चाचणी घेणं शक्य नसतं. म्हणून प्रत्येक बग हा निष्काळजीपणाच असतो, असं म्हणता येणार नाही.

याचं एक उदाहरण म्हणजे शेडर. प्रकाश, सावली, पाणी कसं दिसावं हे ग्राफिक्स कार्डला सांगणारे हे छोटे प्रोग्रॅम. कन्सोलसाठी ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर मात्र ते तुमच्या कार्डानुसार आणि ड्रायव्हरनुसार तयार करावे लागतात. खेळता खेळता तयार केले तर चित्र अडखळतं, आधी केले तर वाट पाहावी लागते. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला, तेव्हा अनेकांचा बराच वेळ यातच गेला. दोन तासांचं घड्याळ तेव्हाही सुरूच होतं.

कंट्रोल्स का बिघडतात?

अनेक मोठे गेम आधी कन्सोलच्या गेमपॅडसाठी घडवले जातात. मग पीसीवर आणताना कीबोर्ड-माउस शेवटी जोडल्यासारखे वाटतात. माउस जड चालतो, मेन्यूत क्लिक लागत नाही, बटणं बदलता येत नाहीत. २०१२ मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला, तेव्हा कीबोर्डवर खेळणाऱ्यालाही स्क्रीनवर गेमपॅडचीच बटणं दिसत होती. अंधुक चित्राचा प्रश्न तर एका चाहत्याने स्वतः मॉड बनवून सोडवला. म्हणजे पैसे कंपनीने घेतले आणि दुरुस्ती ग्राहकाने केली.

कंपन्या अर्धवट गेम का विकतात?

कारण तारीख आधी ठरते. जाहिराती झालेल्या असतात, गुंतवणूकदार वाट पाहत असतात आणि प्री-ऑर्डरचे पैसे जमलेले असतात. चाचणी करणाऱ्यांना बग सापडलेले असले, तरी ते दुरुस्त करायला वेळ द्यायचा की नाही, हे वरचे लोक ठरवतात.

'सायबरपंक २०७७' तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी आला. प्री-ऑर्डर ८० लाखांवर गेल्या होत्या. पीसीवरही बग होते, पण जुन्या कन्सोलवर तर त्याचे हालच झाले. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे पॅच येत गेले आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर त्याच गेमचं कौतुक झालं. पण ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्यांना सर्वात वाईट गेम मिळाला. उशिरा, सवलतीत घेणाऱ्यांना सर्वात चांगला!

कंपन्या कशाने हलतात?

उत्तर २०१५ मध्येच मिळालं होतं. स्टीमचं धोरण येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा २३ जूनला 'बॅटमॅन : अर्कम नाइट' आला. पीसीसाठीचं पोर्ट दुसऱ्या स्टुडिओकडे दिलेलं होतं. गेम अडखळत होता, शिवाय फ्रेमरेटला ३० ची मर्यादा होती. तक्रारी आणि परतावे वाढले आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्नर ब्रदर्सने पीसीवरची विक्री थांबवली. ऑक्टोबरच्या शेवटी तो परत आला, तरी तक्रारी संपल्या नाहीत. मग कंपनीने जाहीर केलं, की वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळला असला तरी पूर्ण पैसे परत मिळतील. म्हणजे दोन तासांची मर्यादा दगडावरची रेघ नाही. प्रकाशकाने ठरवलं, तर ती बाजूला ठेवता येते.

तुम्ही काय करू शकता?

* प्री-ऑर्डर टाळा. डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे घाई करण्याचं कारणच नाही.
* रिव्ह्यू कोणत्या मशीनवर केलाय ते बघा. तुमच्यासारख्या ग्राफिक्स कार्डवरचे व्हिडिओ शोधा. डेमो असेल तर आधी तो खेळा.
* गेम घेतल्यावर पहिल्या तासातच कंट्रोल्स, सेव्ह आणि गर्दीची दृश्यं तपासा. सेटिंग्जमध्ये वेळ घालवण्याआधी घड्याळ बघा.
* मुदत उलटली तरी स्टीमकडे विनंती करता येते. पैसे मिळतीलच असं नाही, पण नेमका बिघाड लिहून मागायला हरकत नाही.

मिक्सर बिघडलेला निघाला तर आपण दुकानदाराला 'पुढच्या वर्षी नीट करून दे' असं म्हणत नाही. गेमच्या बाबतीत मात्र आपल्याला तशी सवय लागली आहे. पहिल्या दिवशी पैसे मिळणं बंद झालं, तर कंपन्यांनाही तारखेपेक्षा गेमकडे आधी बघावं लागेल.