बोर्ड कोणताही असो, प्रोग्रॅम खुला पाहिजे



ठिबकच्या ऑटोमेशनबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. कितीला पडतं, व्हॉल्व्ह कोणते, मोबाईलवर चालतं का. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कंट्रोलरच्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम भरलेला असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो कुणाच्या ताब्यात? माझं मत स्पष्ट आहे. तो खुला असावा, आणि एकाच कंपनीच्या बोर्डाला बांधलेला नसावा.

माझा कंट्रोलर तिसऱ्या वर्षी गेला. व्हॉल्व्ह चांगले, वायर चांगली, फिल्टर चांगला. जळाला फक्त बोर्ड. विक्रेत्याचं उत्तर, "ते मॉडेल बंद झालंय, नवा सेट घ्या." दुसरा बोर्ड बाजारात मिळत होता, पण त्यात भरायला प्रोग्रॅमच नाही. शेतातलं सगळं सामान धडधाकट असून निकामी.

ट्रॅक्टरचं असं होतं का? थ्री पॉइंट लिंकेज ठरलेलं, पीटीओचे 540 फेरे ठरलेले. म्हणून एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा रोटाव्हेटर जोडता येतो. कंट्रोलरलाही असाच ठरलेला जोड हवा.

याचं मोठं उदाहरण आपल्या खोडदलाच आहे. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आपण रोज बघतो. डिशचे सांगाडे तेच राहिले, पण त्यांचे सिग्नल एकत्र करणारी यंत्रणा बदलत गेली. आधी त्या कामासाठी खास बनवलेलं हार्डवेअर होतं. 2010 च्या सुमारास ते काम बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर, लिनक्सवर आणलं. पुढच्या सुधारणेत 'रोच' नावाचे बोर्ड आले. ते 'कॅस्पर' या आंतरराष्ट्रीय गटाच्या कामातून आलेले, डिझाइन सगळ्यांना खुलं. बोर्ड सिग्नल घेतो, पुढचं गणित जीपीयू असलेले कॉम्प्युटर करतात, मधला जोड इथरनेटचा. एका वेळी ऐकता येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 पर्यंत गेला. जोड सगळ्यांना माहीत असला की एक भाग बदलताना बाकीचं फेकावं लागत नाही.

शेतातल्या फर्मवेअरचंही असंच करता येतं. त्याचे दोन भाग करायचे. एका भागात शेतीचं शहाणपण: तिसऱ्या प्लॉटला 40 मिनिटं पाणी, फिल्टरचा दाब वाढला की बॅकवॉश. दुसरा भाग छोटा, फक्त त्या बोर्डापुरता: कोणत्या पिनला कोणता व्हॉल्व्ह. बोर्ड बदलला तर हा छोटा भाग नव्याने लिहायचा, वरचा तसाच. सेन्सरशी बोलायला मॉडबससारखी जुनी, छापील भाषा आहेच. ती 1979 पासून वापरात आहे.

खुलेपणाचा फायदा फक्त दुरुस्तीपुरता नाही. लाईट आली की एका डीपीवरचे सगळे ऑटोस्टार्टर एकदम मोटारी उचलतात आणि डीपीवर ताण येतो. प्रोग्रॅम आपल्या हातात असेल तर डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवावं, तुझी मोटार 20 सेकंदांनी, माझी 40 ने. बंद पेटीत कंपनी ती सोय देईल तेव्हाच.

कुणी म्हणेल, खुला प्रोग्रॅम म्हणजे कुणीही छेडणार, मोटार जळाली तर जबाबदार कोण? शंका रास्त आहे. म्हणून ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळेच ठेवा, फर्मवेअरच्या भरवशावर नको. आणि खुलं म्हणजे फुकट नव्हे. बसवणं, सर्व्हिस, वॉरंटी यांचे पैसे कंपनीने जरूर घ्यावेत. आपल्याला कुलूप नको, एवढंच.

कृषी विद्यापीठं आणि केव्हीकेतल्या मंडळींना विनंती, शिफारस करताना पाण्याच्या बचतीबरोबर हेही तपासा. शेतकरी गटांनी एकत्र खरेदी करताना लेखी विचारावं: बोर्ड बंद झाला तर प्रोग्रॅम देणार का? दुसऱ्याचा सेन्सर चालेल का? इंटरनेट नसताना पाणी सुटेल का? माझा डेटा मला काढता येईल का?

एकट्याने विचारलं तर विक्रेता हसून सोडून देतो. पन्नास जणांची ऑर्डर हातात असेल तर उत्तर द्यावंच लागतं.