पिशवी गढूळ निघाली, दोष कुणाचा?

आमचं गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं. अम्मीचं पोटाचं डायलिसिस घरीच चालतं, पिशव्या भाभी बदलते. एका सकाळी निघालेलं पाणी दुधासारखं होतं. फुप्पीचा पहिला प्रश्न, "हात धुतले होते का गं?"

पिशवीसकट अमरावती गाठली. गढूळ पाणी म्हणजे आधी जंतुसंसर्गच धरतात आणि ते योग्यच आहे. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं, नमुना त्याआधी घेतला. संसर्गात एका मायक्रोलिटरमध्ये 100 हून जास्त पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. अम्मीच्या पाण्यात पेशी नगण्य, कल्चर कोरं, पण ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबी भरपूर. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या. रक्तदाबाची लर्कॅनिडिपीन नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी ती बदलली, दोन दिवसांत पाणी स्वच्छ.

फायब्रिनच्या धाग्यांनी, रक्ताने, सुरुवातीच्या आठवड्यांत इओसिनोफिल पेशींनीही पाणी गढूळ होतं. क्वचित पोटातल्या कॅन्सरनेही. हे घरी नुसतं पाहून कळत नाही, म्हणून पेशींची मोजणी प्रकारांसह मागून घ्यावी. गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

मला राग त्या पहिल्या प्रश्नाचा आहे. असं बोलणं खाल्लेली सून पुढची गढूळ पिशवी गुपचूप ओतून टाकेल, आणि तेव्हा खरंच संसर्ग असेल तर?

भाभी आता दोनदा हात धुते. फुप्पी त्या दिवसाचा विषय काढत नाही.